पाठीला पाठ

दोर एकट्याने वळता येत नाही. बाकी पुष्कळ कामं माणूस एकटा रेटून नेतो. चूल, पाणी, आजारपणसुद्धा. पण दोराला दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे माणूस लागतं. एकाने चाकाची मूठ फिरवायची आणि दुसऱ्याने कमरेला घायपाताच्या वाखाची मोळी बांधून, बोटांतून तंतू सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. चाक पीळ देतं, चालणारा लांबी देतो. दोरवालीच्या घरात हे काम इतकी वर्षं नवरा-बायकोने केलं. ती चाकावर, तो चालणारा. "असा नवरा कुणाला मिळालाय का बघा," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "दिवसभर बायकोपासून लांब पळतो, पण तोंड मात्र तिच्याकडेच."

आता तो नव्हता. पाऊस यंदा तोंड दाखवून निघून गेला होता, विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं, आणि नेमका आत्ताच विहिरीवरचा रखवालदार दारात येऊन उभा राहिला.

"बादली पाण्याला टेकत नाही, वहिनी," तो म्हणाला. "जुना दोर तोकडा पडतोय. जोड दिला तर गाठ रहाटात अडकते. प्लॅस्टिकचा आणून बघितला, बायकांचे तळवे सोलून निघाले. तुमच्याच घरचा पाहिजे. एकसंध."

"करते," दोरवाली म्हणाली.

"कोणाबरोबर?"

त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो चपला शोधू लागला. उंबऱ्यावर सासू सुपात धान्य निवडत बसली होती. तिने मान वर केली, सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली.

दोरवालीने आधी एकटीने करून बघितलं. वाख भिजवला, बडवला, विंचरला. घरामागच्या झाडांखालच्या लांब पट्टीत चाक मांडलं. चाकाच्या आकड्याला टोक अडकवून थोडं मागे जायचं, तंतू सोडायचे, हातातलं टोक खुंटीला गुंतवायचं, पळत चाकापाशी यायचं, मूठ फिरवायची, परत पळत जायचं. तोवर खुंटीपाशी पीळ उलगडून वाखाची शेपटी झालेली असायची. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पदराने तोंड पुसत ती मध्येच उभी राहिली. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. कुंपणापलीकडून दोन बायका बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची भाजीवाली आपण होऊन मदतीला आली. मनाने चांगली बाई, पण तिचा हात तिच्या तोंडाबरोबर चालायचा. बोलणं रंगात आलं की चाक गरगर, बोलणं थांबलं की चाक ठप्प. दोराला जागोजागी गुंतवळं पडली.

"तू संध्याकाळी माळ घेऊन जपाला बसायचीस ना गं?" तिने मूठ सोडून विचारलं. "आता नाही बसत?"

"नाही."

"बरंच झालं म्हणा. म्हणजे... लोक काहीबाही बोलतात."

"काय बोलतात?"

"जाऊ दे. माझी विक्रीची वेळ झाली," असं म्हणून भाजीवाली उठली. दोरवालीने तो सगळा तुकडा उलगडून पुन्हा वाखात टाकला. लोक काय बोलतात ते तिला ठाऊक होतं, कारण तेच ती स्वतःशी बोलत होती.

लग्नानंतर काही वर्षांनी तिचं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर नवरा-बायकोत असं काही बिनसलं की ताट वाढण्यावरूनही भांडण व्हायचं. कोणीतरी त्यांना बाजारगावात शिंपीबुवांकडे नेलं. बुवा कपडे शिवायचे आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत येईल त्याला नामाला बसवायचे. ना भगवी वस्त्रं, ना दाढी. गळ्यात मापाची पट्टी. त्यांनी दोघांना नाम दिलं, एकेक माळ दिली आणि समोरासमोर बसवलं. थोडा वेळ बघितलं आणि हसायला लागले.

"तुम्ही नाम घेत नाही, एकमेकांवर पहारा करताय," ते म्हणाले. "उलटे फिरा. पाठीला पाठ लावा. हं, अशी. आता एक नियम ऐका. एकाला डुलकी लागली आणि त्याचा भार आला, तर दुसऱ्याने तो घ्यायचा. उठवायचं नाही. आपली माळ पुरी करायची, मगच हाक मारायची. तोंड दिसलं की माणूस भांडतो. पाठीला पाठ असली की निदान श्वास तरी ऐकतो."

पहिले काही दिवस तिला नवऱ्याच्या पाठीचाही राग आला. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की मणी ओढताना त्याचा श्वास मध्येच अडतोय. तो रडत होता. ती वळली नाही. वळली असती तर त्याने डोळे पुसून काहीतरी तिरकस बोलून टाकलं असतं. ती तशीच बसून राहिली आणि मग तीही रडली. त्या घरात पुढे मूल आलं नाही, पण बोलणं परत आलं. हे शिंपीबुवांचं देणं होतं आणि ते फेडता येणार नाही हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी, हातपाय धुऊन, दिवा लावून, पाठीला पाठ. सासू आतबाहेर करताना नाक मुरडायची. "देवाचं करतात म्हणे, आणि तोंडं दोन दिशांना!"

त्याच्या शेवटच्या संध्याकाळीही ते असेच बसले होते. दिवसभर दोर ओढून खांदा दुखतोय एवढंच तो म्हणाला होता. माळ निम्मी झाली असेल, तेव्हा त्याचा भार आला. तिला हसू आलं, कारण डुलकी नेहमी त्यालाच लागायची. तिने पाय रोवले आणि भार घेतला. या वेळी तो जरा जास्तच होता. तिने नियमाप्रमाणे माळ पुरी केली. मणी माथ्याला लावला. मग हाक मारली.

त्यानंतर तिने माळ खुंटीला टांगली ती टांगलीच. आणि सासू तेव्हापासून तिच्याशी बोलेनाशी झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारी नुसती गप्प. घरात भांडी तेवढी बोलायची. दोरवालीला त्या गप्प बसण्यातून एकच वाक्य ऐकू यायचं: माझा मुलगा जात होता आणि तू मणी ओढत बसलीस.

भाजीवाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने खुंटीवरची माळ काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि सकाळीच बाजारगावाची वाट धरली. ज्याची होती त्याला परत देऊन टाकायची. उपकारही नको आणि आठवणही नको, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

शिंपीबुवांचं दुकान बंद होतं. मशिनीवर चादर घातलेली, चादरीवर धूळ. मागच्या खोलीचं दार मात्र सताड उघडं होतं. बुवा भिंतीला पाठ टेकून चटईवर बसले होते. पूर्वी संध्याकाळी या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आता कोपऱ्यात चटयांची वळकटी उभी होती आणि तिला जाळी लागली होती.

"कोण?"

"मी. दोरवाली."

"ये ये. सुईत दोरा जात नाही गं आता, म्हणून दुकान मिटलं. बस."

ती बसली नाही. पदराची गाठ सोडून तिने माळ त्यांच्यापुढे ठेवली. "परत द्यायला आलेय, बुवा."

त्यांनी चाचपून पाहिली. "तुटली तर नाही. मग परत कसली? बेतलेलं कापड कोणता शिंपी परत घेतो?" ते आपल्याच बोलण्यावर हसले, मग ती हसत नाही हे त्यांना जाणवलं. "मला कळलं त्याचं. यायचं होतं. पाय ऐकत नाहीत. बसल्या जागी गेला म्हणाले."

"माझ्या पाठीवर गेले," ती म्हणाली.

आणि मग उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. खांदा दुखत होता ते, भार आला ते, तिला हसू आलं ते, माळ पुरी केली ते. सांगून झाल्यावर ती खाली बसली. बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बुवांनी माळ उचलून मांडीवर घेतली.

"किती जड झाला होता?" त्यांनी विचारलं.

"आधी नेहमीसारखेच. मग पोत्यासारखे. एका बाजूने खाली सरकायला लागले."

"मग?"

"मी एक हात मागे नेऊन त्यांना आवरलं. दुसऱ्या हातात माळ."

"सोडलं नाहीस."

"सोडलं असतं तर पडले असते ना!"

"ऊब होती अंगात?"

"होती. शेवटपर्यंत होती, बुवा. म्हणून तर मला कळलं नाही."

आजवर सगळ्यांनी तिला वेळ विचारली होती, ताप होता का विचारलं होतं, डॉक्टर का नाही आणला विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. ती तोंडात पदर कोंबून रडली. बुवांनी तिला रडू दिलं.

"उठवलं असतं तर वाचले असते का?" शेवटी तिने विचारलं.

"मला माहीत नाही," बुवा म्हणाले. "आणि जो म्हणेल मला माहीत आहे, त्याच्या दारात जाऊ नकोस. पण एक सांगतो. तो नियम माझा होता. दोन तरणीताठी माणसं समोर बसली होती, त्यांच्या अंगाचं माप घेऊन मी तो बेतला. तुम्ही कधी थकाल, हे मी धरलंच नाही. शिवण चुकली ती शिंप्याची. कापडाने कशाला रडायचं?" आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

तिने घाईने त्यांचे हात धरले. "असं करू नका. तुम्ही नसतात तर आम्ही केव्हाच दोन दिशांना गेलो असतो. तुमच्यामुळे संसार झाला आमचा."

"उपकार सांगायला आलीस की माळ परत करायला?"

तिने त्यांच्या मांडीवरच्या माळेकडे पाहिलं. सकाळी घरून निघताना ती परत करणं सोपं वाटलं होतं.

"मग मला ती चुकलेली शिवण उसवू दे," बुवा म्हणाले. "आजपासून नियम असा. भार आला की लगेच हाक मारायची. माळ थांबली तर थांबू दे. देवाला कुठे गाडी गाठायची आहे?"

"भार कोणाचा येणार आता? मी एकटी आहे."

"घरी कोण असतं?"

"सासू."

"बोलते?"

"भांडी बोलतात."

बुवा खळखळून हसले आणि हसता हसता खोकले. "तुझा नवरा सांगायचा, लहानपणी तो आईच्या चाकाच्या आवाजावर झोपायचा. म्हणजे म्हातारीला चाक येतं. दोराचं काम आहे का हातात?"

"आहे. चाकावर माणूस नाही."

"मग विचार तिला. पण तोंडाकडे बघून विचारू नकोस."

त्यांनी माळ तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. ती पाया पडून उठली. दाराशी पोचली तेव्हा ते म्हणाले, "उघडंच राहू दे ते. कोणीतरी येईल असं वाटत राहतं." ती तशीच निघाली, आणि वाटभर तिला त्या उघड्या दाराचं वाईट वाटत राहिलं. आपण इतक्या महिन्यांत एकदाही आलो नाही, याचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओला वाख कमरेला बांधला आणि पट्टीत जाऊन चाकाकडे तोंड करून उभी राहिली. नवरा उभा राहायचा तिथे. सासू मागच्या दारात बसली होती. दोरवालीने आकड्याला तंतू अडकवले आणि तंतूंकडे बघतच म्हणाली, "आई, चाकावर बसता का?"

तिने तंतू सारखे केले. ती वाट बघत राहिली. मग गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत उठल्याचा आवाज आला.

"माझे खांदे गेलेत," म्हातारी म्हणाली. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. ती चाकापाशी येऊन बसली, मूठ हातात धरली आणि नाराजीने बघितलं. "तेल कधी घातलं होतं याला?"

"घातलं नाही."

"दिसतंच आहे. चल, हो मागे."

चाक फिरलं. दोरवाली उलटी चालू लागली. बोटांतून वाख सुटत होता आणि त्याला पीळ बसत होता, सारखा, ना ढिला ना ताठ. म्हातारीचा हात काही विसरला नव्हता. मागे न बघता पाऊल टाकताना दोरवाली बिचकत होती, पण पट्टीत एक उथळ चाकोरी पडलेली होती आणि टाच आपोआप तिच्यात जात होती. ती नवऱ्याच्या टाचांनी पडली होती. हे लक्षात आलं तेव्हा तिला तिथेच थांबावंसं वाटलं. पण थांबता येत नव्हतं, चाक फिरत होतं.

ती पार टोकाच्या झाडापाशी पोचली. इथून सासू एवढीशी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. दोघींमध्ये ताणलेली वादी, दोराचा एकेरी पेड, थरथरत होती.

"त्या दिवशी," सासू तिकडून ओरडली, "तो काही बोलला का?"

"नाही!" दोरवालीनेही ओरडूनच सांगितलं. "नुसते टेकले!"

चाक थांबलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, पण आता तो ओरडताना चिरकत होता.

"मी आले होते आत! काडेपेटी घ्यायला!"

दोरवालीची बोटं वाखात तशीच राहिली.

"मान कललेली होती त्याची! मी बघितली! म्हटलं, बघा, भक्त झोपला! हसले आणि बाहेर गेले! आई असून मला कळलं नाही गं!"

मूठ सुटली. चाक उलटं फिरलं आणि पीळ सैल पडला. दोरवालीने वादी घट्ट धरून ठेवली. सोडली असती तर सकाळपासूनचं सगळं वाया गेलं असतं. ती तिथूनच रडत होती आणि म्हातारी तिकडे चाकावर डोकं टेकून बसली होती. इतके महिने ज्या गप्प बसण्याला ती आरोप समजत आली होती, त्यात असं काही असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आई!" तिने हाक मारली. "मूठ धरा! पीळ जातोय!"

म्हातारीने नाक पुसलं आणि मूठ धरली.

पुढचे दिवस दोघी पट्टीतच होत्या. तीन वाद्या तयार झाल्या, मग खाचा पाडलेल्या लाकडी ठोकळ्यातून तिन्ही वाद्या एकत्र वळून दोर उतरला. म्हातारी कामावर तोंडसुख घेत होती: पाणी कमी मारलंस, हात जड आहे तुझा, तुझ्या सासऱ्यांनी हे बघितलं असतं तर पळवून लावलं असतं. दोरवाली सगळं ऐकून घेत होती. इतकं बरं तिला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं. रखवालदार दोर न्यायला आला, त्याने तो ओढून पाहिला, वाकवून पाहिला. "कोणाबरोबर केला?" असं त्याने या वेळी विचारलं नाही. संध्याकाळी विहिरीकडून बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज घरापर्यंत आला.

त्या संध्याकाळी दोरवालीने हातपाय धुतले, दिवा लावला आणि खुंटीवरची माळ काढून नेहमीच्या जागी बसली. पाठीमागे रिकामं होतं. गार वाटत होतं. तिने पहिला मणी धरला, नाम घेतलं आणि पाठ आपोआप मागे कलली, आधार न सापडून सावरली. पुन्हा तसंच झालं. हे जमणार नाही असं तिला वाटलं.

मागे चटई सरकवल्याचा आवाज झाला. सासू कण्हत खाली बसली आणि सरकत सरकत तिने आपली पाठ सुनेच्या पाठीला लावली. नुसती हाडं.

"मला तुमचं ते नाम येत नाही," ती म्हणाली.

"नको यायला."

"मी नुसती बसेन."

"बसा."

"टोचतेय का?"

"टोचतेय."

"टोचू दे," म्हातारी म्हणाली.

मणी सरकू लागले. दिव्याची वात स्थिर होती. बाजारगावातली ती खोली दोरवालीच्या डोळ्यांपुढे आली, उघडं दार आणि भिंतीला टेकलेले बुवा. नाम घेता घेता तिने मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. पहिल्यांदा त्यांनी नवरा परत मिळवून दिला होता. आता तो नसताना, जे उरलं होतं ते दिलं. उद्या-परवा तिकडे जायचं, ती जाळी झाडून काढायची, असं तिने ठरवलं.

मग पाठीवरचा भार वाढला. आधी थोडा, मग आणखी. म्हातारीचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. मणी दोरवालीच्या बोटांत तसाच अडकला. पाय आपोआप रोवले गेले, एक हात मागे गेला आणि जुन्या सवयीने बोटं पुढचा मणी ओढायला निघाली.

तिने माळ खाली ठेवली.

"आई?"

उत्तर नाही.

"आई!"

"आहे गं, आहे," सासू झोपेतल्या आवाजात म्हणाली. "चालू दे तुझं."

दोरवालीने माळ पुन्हा उचलली. कुठवर आली होती ते तिला सापडेना, तेव्हा तिने ती पहिल्यापासून सुरू केली. मध्ये मध्ये ती थांबायची, हाक मारायची. आणि दर वेळी पाठीमागून, थोडं चिडून, तेच उत्तर यायचं.

"आहे. फिरव पुढे."